दहशतवादविरोधी आंतरराष्ट्रीय सहकार्य : औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणाच्या अनुषंगाने एक चिकित्सा

प्रास्ताविक

दहशतवाद ही आता कोणत्याही एका राष्ट्राची समस्या राहिलेली नसून ती जागतिक समस्या झाली आहे आणि म्हणून तिच्या निर्मूलनासाठी राष्ट्राराष्ट्रांत सहकार्य असणे अगत्याचे आहे, या विधानाने मराठीतील राज्यशास्त्रविषयक बहुसंख्य लेखांचा आरंभ होतो आणि बहुधा याच विधानाने त्यांचा शेवटही होतो. मधल्या भागात सार्क राष्ट्रांचा १९८७ चा दहशतवादविरोधी करार, ११ सप्टेंबर २००१ नंतरचा सुरक्षा परिषदेचा १३७३ क्रमांकाचा ठराव, शिखर परिषदांची संयुक्त निवेदने यांची कालानुक्रमे मांडणी केलेली असते. हे विधान चुकीचे नाही. मात्र ते इतके निर्विवाद आहे की त्यातून अभ्यासकाच्या हाती काही लागत नाही. सहकार्य झाले म्हणजे नेमके काय झाले, कोणी कोणाला काय दिले, त्याच्या मोबदल्यात काय घेतले आणि अखेरीस न्यायालयात त्याचे काय झाले, हे प्रश्न विचारल्याशिवाय या विषयाची चिकित्सा होऊ शकत नाही.

या प्रश्नांची उत्तरे न्यूयॉर्क किंवा जिनिव्हा येथील कागदपत्रांत जितकी सापडतात, त्याहून अधिक ती महाराष्ट्रातील काही फौजदारी खटल्यांच्या निकालपत्रांत सापडतात. मराठवाड्यातील अध्यापकांना तर त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पैठण रस्त्यावरील बिडकीनच्या परिसरात आंतरराष्ट्रीय सहकार्य हा शब्द आज औद्योगिक मार्गिकेमुळे, भूसंपादनामुळे आणि परदेशी गुंतवणुकीच्या बातम्यांमुळे परिचित झाला आहे. तिथे त्याचे रस्ते, भूखंड आणि मोबदल्याचे धनादेश डोळ्यांना दिसतात. याच भूप्रदेशाशी जोडलेली सहकार्याची दुसरी कहाणी मात्र दिसत नाही, कारण ती दोषारोपपत्रे, विनंतीपत्रे आणि न्यायालयीन आदेश यांच्या ढिगाऱ्यात आहे. ती औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण या नावाने ओळखली जाते. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले असले तरी न्यायालयीन नोंदींत हे प्रकरण जुन्याच नावाने राहिले आहे.

औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण

मे २००६ च्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने चांदवड–मनमाड रस्त्यावर एका टाटा सुमोचा पाठलाग करून ती अडवली. तिच्यासोबत असलेली इंडिका मात्र निसटली. या व नंतरच्या छाप्यांतून मिळून ४३ किलो आरडीएक्स, १६ एके-४७ रायफली, ५० हातबाँब आणि सुमारे ३,२०० काडतुसे जप्त करण्यात आली. इंडिका चालवणारा तरुण बीड जिल्ह्यातील गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी होता. बीडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला हा तरुण बांगलादेशमार्गे पाकिस्तानात पोहोचला आणि लष्कर-ए-तोयबात अबू जुंदाल या नावाने वावरू लागला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी कराचीतील नियंत्रण कक्षातून हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांत तो होता, असा अभियोग पक्षाचा आरोप आहे. हल्ल्याच्या वेळच्या ध्वनिमुद्रित संभाषणांत एका सूचनाकर्त्याच्या तोंडी 'प्रशासन' हा शब्द आला होता आणि त्यावरून तो भारतीय असावा असा तर्क त्या वेळी वृत्तपत्रांतून मांडला गेला होता. भाषेच्या अध्यापकांनी लक्षात घ्यावे असे हे उदाहरण आहे. सीमेपलीकडे गेलेल्या माणसाने नाव आणि पारपत्र बदलले, पण शासनव्यवहारातला एक संस्कृत शब्द त्याच्या जिभेवर राहून गेला.

गोदावरीकाठच्या एका तालुक्यातून सुरू झालेली ही फाईल पुढील दहा वर्षांत बांगलादेश, पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि अमेरिका एवढ्या देशांशी जोडली गेली. आंतरराष्ट्रीय सहकार्याची परीक्षा घेण्यास याहून योग्य प्रकरण मराठी प्रदेशात क्वचितच सापडेल.

हद्दपारी की प्रत्यार्पण

अन्सारी हा सौदी अरेबियात पाकिस्तानी पारपत्रावर राहत असल्याचे भारतीय यंत्रणांना कळले, तेव्हा भारत व सौदी अरेबिया यांच्यात प्रत्यार्पण करार अस्तित्वात होता. फेब्रुवारी २०१० मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या रियाध भेटीत त्यावर स्वाक्षऱ्या झाल्या होत्या. असे असूनही जून २०१२ मध्ये तो भारतात आला तो प्रत्यार्पणाच्या मार्गाने नव्हे, हद्दपारीच्या मार्गाने. हा फरक केवळ शब्दांचा नाही. प्रत्यार्पणात विनंती करणारे राष्ट्र आरोप आणि पुरावा मांडते, विनंती स्वीकारणाऱ्या राष्ट्राची न्यायव्यवस्था तो तपासते, आरोपीला बाजू मांडण्याची संधी मिळते आणि ताबा कोणत्या आरोपांसाठी दिला हे लेखी नोंदले जाते. हद्दपारी हा प्रशासकीय निर्णय असतो. एखादा परका इसम आपल्या भूमीवर नको, एवढे म्हटले की राष्ट्राचे काम संपते. विमान कोठे उतरते आणि दाराशी कोण उभे असते, हा पुढचा प्रश्न.

त्या वेळी या घटनेचे स्वागत भारत–सौदी संबंधांतील मोठी झेप म्हणून झाले आणि ते योग्यच होते. पाकिस्तानचा निकटचा मित्र मानल्या गेलेल्या राष्ट्राने पाकिस्तानी पारपत्रधारक संशयिताला भारताकडे जाऊ देणे ही सामान्य गोष्ट नव्हती. परंतु या स्वागतात एक गृहीतक दडलेले होते. प्रत्यार्पण म्हणजे दिरंगाई आणि हद्दपारी म्हणजे कार्यक्षमता, असे ते गृहीतक. पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे त्याचा फोलपणा ध्यानात येतो.

दिल्ली पोलिसांच्या म्हणण्यानुसार अन्सारीला २१ जून २०१२ रोजी दिल्ली विमानतळाबाहेर अटक झाली. आपण सौदी अरेबियातच ताब्यात होतो व तेथून आणले गेलो, असे आरोपीचे म्हणणे. २६/११ च्या खटल्यात त्याने आपल्या प्रवासासंबंधीच्या शासकीय कागदपत्रांची मागणी केली आणि २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने ती देण्याचा आदेश दिला. त्या आदेशाला दिल्ली पोलीस आणि केंद्रीय मंत्रालयांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, खटल्याला स्थगिती मिळाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने २०१८ चा आदेश रद्द करेपर्यंत हा खटला थांबून राहिला. शासनाचे म्हणणे अखेरीस ग्राह्य ठरले, हे खरे. तरीही १६६ जणांचा बळी घेणाऱ्या हल्ल्याचा एक खटला सात वर्षे ज्या प्रश्नावर अडला, तो प्रश्न पुराव्याचा नव्हता. आरोपी देशात कोणत्या दाराने आला, एवढाच तो होता. प्रत्यार्पणाच्या आदेशाची प्रत अभिलेखात असती तर हा वाद उद्भवलाच नसता.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. प्रत्यार्पणाचा आग्रह धरला असता तर पाकिस्तानने तो आपला नागरिक असल्याचा दावा न्यायालयात रेटला असता आणि कदाचित तो कधीच हाती लागला नसता. या आक्षेपात तथ्य आहे. हातचा आरोपी सोडून नियमाचा आग्रह धरणे शहाणपणाचे ठरले नसते. मात्र त्यामुळे जी किंमत मोजली गेली ती दृष्टीआड करता येत नाही. सहकार्याचा सोपा मार्ग निवडला तेव्हा जी कसोटी परदेशी न्यायालयात लागायची होती, ती टळली नाही. ती मुंबईत लागली आणि तिचा काळ हल्ल्यात आप्त गमावलेल्यांच्या खात्यावर पडला.

शस्त्रसाठ्याच्या मूळ खटल्यात मात्र जुलै २०१६ मध्ये निकाल लागला. मोक्का कायद्याखालील आरोप विशेष न्यायालयाने मान्य केले नाहीत, आठ जणांची निर्दोष मुक्तता झाली, बारा जण दोषी ठरले आणि २ ऑगस्ट २०१६ रोजी अन्सारीसह सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावण्यात आली. या निकालात परदेशी सहकार्याचा वाटा एका आरोपीच्या हजेरीपुरता होता. बाकीचे काम रस्त्यावरील पाठलाग, जप्तीचे पंचनामे आणि साक्षीदारांची उलटतपासणी यांनी केले.

अबू सालेम आणि पंचवीस वर्षे

प्रत्यार्पणाचा रीतसर मार्ग अवलंबिला म्हणजे काय होते, याचे उदाहरण १२ मार्च १९९३ च्या मुंबई बाँबस्फोट मालिकेने दिले आहे. २५७ जणांचा मृत्यू झालेल्या त्या प्रकरणातील आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बन येथे पकडला गेला. तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पण करार नव्हता. बाँबस्फोटांच्या प्रतिबंधासंबंधीच्या १९९७ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा आणि परस्परतेच्या तत्त्वाचा आधार घेऊन भारताने विनंती केली. पोर्तुगालच्या कायद्यात मृत्युदंड नाही व आजीवन कारावासही नाही. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी हमी दिली की सालेमला मृत्युदंड दिला जाणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा अधिक काळ कारावासात ठेवले जाणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याला भारतात आणण्यात आले.

पुढील इतिहास अनेकांना अप्रिय वाटेल असा आहे. ज्या आरोपांसाठी ताबा मिळाला त्यांच्या पलीकडचे आरोप ठेवले गेल्याची तक्रार सालेमने पोर्तुगालच्या न्यायालयात केली आणि २०११ मध्ये तेथील न्यायालयाने प्रत्यार्पणाची मान्यताच संपुष्टात आणली. भारतीय तपास यंत्रणेला काही आरोप मागे घ्यावे लागले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला अनुमती दिली. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या विशेष टाडा न्यायालयाने सालेमला जन्मठेप दिली, त्याच निकालात अन्य दोन आरोपींना मृत्युदंड सुनावला. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की न्यायालय स्वतः त्या हमीने बांधलेले नसले तरी केंद्र सरकार बांधलेले आहे. २५ वर्षे पूर्ण झाली की सरकारने राष्ट्रपतींना राज्यघटनेच्या ७२ व्या अनुच्छेदाखाली सल्ला देऊन सुटकेची कार्यवाही केली पाहिजे. ही मुदत ऑक्टोबर २००५ पासून मोजता २०३० मध्ये पूर्ण होते.

या निर्णयावर, एका गुन्हेगारासाठी देशाच्या कायद्याला मुरड घातली, अशी टीका झाली. वस्तुतः टीकेचा रोख चुकला होता. मुरड २००२ मध्येच घातली गेली होती. त्या पत्राविना सालेम कधी आला नसता. त्या पत्रासह आला तो मर्यादित शिक्षेला पात्र होऊनच. सहकार्य हे नेहमी दोन कायदेव्यवस्थांमधील तडजोड असते आणि जिथे दोहोंपैकी एक अधिक सौम्य असते तिथे तडजोड तिच्या बाजूला झुकते. पोर्तुगालने भारताचा पुरावा मानला, भारताने पोर्तुगालची शिक्षेची मर्यादा मानली. हमी पाळणे जाचक वाटले तरी न्यायालयाने ती पाळण्याचा मार्ग दाखवला, हे पुढील प्रत्येक विनंतीच्या दृष्टीने मोलाचे होते. ज्या राष्ट्राचा शब्द फिरतो त्याच्या स्वाधीन कोणतेही न्यायालय दुसरा आरोपी करणार नाही.

शिकागोतील करार आणि मुंबईतील साक्ष

सहकार्याचा तिसरा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेचा नागरिक डेव्हिड कोलमन हेडली याने २००६ ते २००८ या काळात अनेकदा मुंबईत येऊन हल्ल्याच्या ठिकाणांची टेहळणी केली. हल्ल्यानंतर, मार्च २००९ मध्ये, तो पुन्हा भारतात येऊन गेला. त्या फेरीत त्याने पुण्यातही टेहळणी केली. ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला शिकागोच्या विमानतळावर अटक झाली. त्याच्याविषयीच्या तक्रारी अमेरिकी यंत्रणांकडे हल्ल्यापूर्वीच पोहोचल्या होत्या, ही बाब पुढे उघड झाली. माहितीची देवाणघेवाण हा सहकार्याचा पाया म्हटला जातो. येथे तो पाया हल्ल्यापूर्वी कितपत उपयोगी पडला, हे सांगण्याची गरज नाही.

मार्च २०१० मध्ये हेडलीने गुन्हा कबूल केला आणि त्या बदल्यात त्याला भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांच्या स्वाधीन न करण्याचे अमेरिकी अभियोग पक्षाने मान्य केले. भारत व अमेरिका यांच्यातील प्रत्यार्पण करार १९९७ चा आहे आणि तो १९९९ पासून अमलात आहे. तरीही आरोपीशी झालेला एक देशांतर्गत करारनामा त्या आंतरराष्ट्रीय करारावर वरचढ ठरला. जानेवारी २०१३ मध्ये शिकागोच्या न्यायालयाने हेडलीला ३५ वर्षांची शिक्षा दिली.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जून २०१० मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेच्या अधिकाऱ्यांना शिकागोत हेडलीची चौकशी करता आली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे साक्ष दिली. ही साक्ष झाली ती अबू जुंदालविरुद्धच्या खटल्यात. मार्च महिन्यात आरोपीच्या वकिलाने त्याची उलटतपासणीही घेतली. गेवराईच्या तरुणाविरुद्ध शिकागोच्या कैद्याने मुंबईच्या न्यायालयात दिलेली ही साक्ष भारतीय न्यायालयीन इतिहासातील नवलाची घटना होती. पुढे दोनच वर्षांत हाच खटला सौदी अरेबियातील प्रवासाच्या कागदपत्रांवर अडून बसला. एका राष्ट्राकडून शर्तींवर मिळवलेला पुरावा दुसऱ्या राष्ट्राकडून शर्तीविना मिळालेल्या ताब्यामुळे निष्क्रिय राहिला, हा या सबंध प्रकरणातील सर्वाधिक विचार करण्याजोगा भाग आहे. द्विपक्षीय सहकार्याचे प्रत्येक सूत्र आपल्या जागी ठीक असते; त्या सूत्रांची एकमेकांशी सांगड घालणारी यंत्रणा कोणाकडेच नसते.

तांत्रिक पुराव्याच्या बाबतीत सहकार्याने अधिक चांगले काम केले, हेही नोंदवले पाहिजे. हल्लेखोरांचे सूत्रधार ज्या इंटरनेट दूरध्वनी सेवेचा वापर करत होते ती अमेरिकेतील न्यू जर्सीतील कंपनीची होती आणि तिच्या शुल्कापैकी २२९ डॉलर इटलीतील ब्रेशिया शहरातून पाठवण्यात आले होते. कसाबच्या खटल्यात अमेरिकी तपास संस्थेच्या अधिकाऱ्यांनी मुंबईच्या न्यायालयात येऊन साक्ष दिली. तेथे ना कोणाची प्रतिष्ठा पणाला लागली होती, ना कोणाच्या नागरिकाचा ताबा मागितला जात होता. यंत्राचा पुरावा देण्यास राष्ट्रे फारशी का-कू करत नाहीत. माणूस देताना त्यांचे सार्वभौमत्व जागे होते.

साक्ष, उलटतपासणी आणि शेजारी राष्ट्र

पाकिस्तानच्या संदर्भात सहकार्य हा शब्द वापरणेच अनेकांना अनुचित वाटेल. परंतु एका मर्यादित अर्थाने ते झाले होते. रावळपिंडीतील खटल्यासाठी पाकिस्तानचा न्यायिक आयोग मार्च २०१२ मध्ये मुंबईत आला. दंडाधिकारी, तपास अधिकारी आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांचे जबाब नोंदले गेले. मात्र या साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची मुभा ठरलेल्या अटींत नव्हती आणि त्याच कारणावरून रावळपिंडीच्या न्यायालयाने आयोगाचा अहवाल पुराव्यादाखल स्वीकारला नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये आयोगाला पुन्हा यावे लागले. पाकिस्तानची टाळाटाळ उघड होती, यात संशय नाही. परंतु ज्या साक्षीची उलटतपासणी झाली नाही ती भारतातील कोणत्याही न्यायालयानेही मानली नसती. विरोधकाला सबब मिळू न देणे हाही मुत्सद्देगिरीचाच भाग आहे.

अखेरीस पाकिस्तानात शिक्षा झाल्या त्या मुंबई हल्ल्यासाठी नव्हेत. जून २०१८ मध्ये आर्थिक कृती दलाने पाकिस्तानला करड्या यादीत टाकले आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत तो देश त्या यादीत राहिला. या काळात हाफिज सईद, झकिउर रहमान लखवी आणि साजिद मीर यांना दहशतवादी कारवायांसाठी पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा ठोठावण्यात आल्या. पैशाच्या व्यवहारावरील दबाव नैतिक आवाहनापेक्षा परिणामकारक ठरला. पण मुंबईच्या मृतांची नावे त्या निकालांच्या केंद्रस्थानी नाहीत, हे विसरून चालणार नाही.

व्याख्येचा प्रश्न

चर्चासत्रांतील निबंधांत एक उपाय हमखास सुचवला जातो : भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात मांडलेला आंतरराष्ट्रीय दहशतवादविषयक सर्वसमावेशक करार संमत झाला म्हणजे प्रश्न सुटेल. मुक्तिलढे आणि राज्यांची सशस्त्र दले यांना व्याख्येत धरावे की वगळावे, या वादामुळे तो अद्याप संमत झालेला नाही. त्याचे राजकीय महत्त्व नाकारता येत नाही. तथापि वरील प्रकरणांत व्याख्येअभावी काही अडल्याचे दिसत नाही. सालेम द्विपक्षीय करार नसताना आला, जुंदाल करार असूनही त्याच्याबाहेरून आला, हेडली करार असूनही आला नाही. मसूद अझहरचे नाव सुरक्षा परिषदेच्या निर्बंध यादीत येण्यास मे २०१९ उजाडला. त्याची जैश-ए-महंमद ही संघटना मात्र २००१ पासून त्याच यादीत होती. संघटना दहशतवादी आणि तिचा संस्थापक मात्र विचाराधीन, अशी ही अवस्था चीनच्या आक्षेपामुळे वर्षानुवर्षे टिकली. ती व्याख्येच्या संदिग्धतेतून आलेली नव्हती. हितसंबंध बदलले तेव्हा आक्षेप मागे घेतला गेला, व्याख्या मात्र होती तेथेच राहिली.

देशांतर्गत तपास आणि परदेशी न्यायालय

आता या विषयाच्या सर्वांत दुर्लक्षित अंगाकडे वळावे लागते. पोलीस हा राज्याचा विषय आहे आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राचा. बीड किंवा नाशिक जिल्ह्यातील गुन्ह्याची कागदपत्रे परदेशात जायची तर ती तपास अधिकाऱ्याकडून राज्याचे गृह खाते, केंद्रीय गृह मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय आणि तेथून दूतावास असा प्रवास करतात. परदेशातील पुराव्यासाठी न्यायालयाचे विनंतीपत्र लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६६-अ कलमाखाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली ते काढले जाते. ज्या देशाकडे विनंती जाते त्याला समजेल अशा भाषेत अनुवाद जोडावा लागतो. आणि मूळ कागद असतो तो मराठीतला पंचनामा. पंचांच्या नावाने सुरू होणारा, एकाच वाक्यात जागा, वेळ, वस्तू आणि मोहोर सांगणारा, ठाण्याठाण्यांतून ठरून गेलेल्या शब्दांचा. त्यातला एखादा संदिग्ध शब्द लिस्बनच्या किंवा कोपनहेगनच्या वकिलाच्या हाती काय होऊ शकतो, याचा विचार विधी, भाषा आणि राज्यशास्त्र या तिन्ही विभागांनी एकत्र येऊन करण्यासारखा आहे. बहुविद्याशाखीय संशोधनाचा उद्घोष सर्वत्र होत असताना हा विषय अस्पर्श राहावा, हे आश्चर्य आहे.

परदेशी न्यायालय केवळ कागद पाहत नाही, तुरुंगही पाहते. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे डिसेंबर १९९५ मध्ये विमानातून शस्त्रे टाकल्याच्या प्रकरणातील डॅनिश आरोपीला भारताच्या स्वाधीन करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला. कोठडीत छळ होण्याची भीती, हे त्याचे कारण. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने पुन्हा तसाच निर्णय दिला. भारताने याबद्दल नाराजी व्यक्त केली. परंतु नाराजीने युक्तिवाद खोडला जात नाही.

या संदर्भात महाराष्ट्रातील काही निकाल अस्वस्थ करणारे आहेत. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत आधी अटक झालेल्या तरुणांना २०१६ मध्ये आरोपमुक्त करण्यात आले. ११ जुलै २००६ च्या मुंबई उपनगरी रेल्वे स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी ठार झाले होते. त्या खटल्यातील सर्व बारा आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. हा निकाल पायंडा म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्यानंतर दहाच दिवसांत २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी निर्दोष सुटले. आरोपी कोणत्या धर्माचे होते, यावर या निकालांचे स्वागत किंवा निषेध अवलंबून राहिला, ही आपल्या सार्वजनिक चर्चेची दुर्दशा आहे. न्यायवैद्यक पुरावा, कबुलीजबाबाची विश्वासार्हता आणि ओळखपरेड यांविषयी न्यायालयांनी काय म्हटले, ते किती जणांनी वाचले? परदेशातील बचाव पक्षाचे वकील ते नक्की वाचतात. राज्याच्या तपासाची गुणवत्ता हा या अर्थाने परराष्ट्र धोरणाचाच घटक आहे. एखाद्या शिखर परिषदेच्या संयुक्त निवेदनापेक्षा नीट केलेली एक जप्ती आणि छळाशिवाय घेतलेला एक जबाब यांचा आधार प्रत्यार्पणाच्या विनंतीला अधिक मिळतो.

तहव्वूर राणा प्रकरणात हा आधार कसोटीला लागला आहे. हेडलीचा हा सहकारी शिकागोतील खटल्यात २०११ मध्ये डेन्मार्कमधील कटासाठी आणि लष्कर-ए-तोयबाला साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरला, परंतु मुंबई हल्ल्याच्या आरोपातून सुटला. एकाच कृत्यासाठी दोनदा खटला चालवता येणार नाही, हा त्याचा युक्तिवाद अमेरिकी अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळला. भारतात छळ होईल, ही भीतीही त्याने तेथील न्यायालयांपुढे मांडून पाहिली. १० एप्रिल २०२५ रोजी त्याला दिल्लीत आणण्यात आले. या वेळी प्रत्यार्पणाचा मार्ग पूर्णपणे चालून झाला. विनंतीपासून ताब्यापर्यंत त्याला सुमारे पाच वर्षे लागली, आणि कोणत्या आरोपांसाठी ताबा मिळाला याची लेखी नोंद आहे. राणाचे प्रकरण दिल्लीच्या विशेष न्यायालयात आहे, जुंदालचा खटला मुंबईत. दोन्हींच्या मुळाशी हेडलीचेच कथन आहे आणि हेडली अमेरिकेच्या तुरुंगात आहे. त्याची साक्ष पुन्हा लागली तर ती शिकागोतील करारनाम्याच्या शर्तींवरच मिळेल.